शाकाहारी ताटाचे वजन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत शाकाहारी आणि व्हीगन (म्हणजे दूध-दह्यासह सगळे प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य असलेल्या) आहाराने वजन कमी होते, असे सांगणारा लेख वाचला. त्यात दिलेले परदेशी अभ्यास खरे आहेत आणि त्यांचे निष्कर्षही साधारण तसेच आहेत. तरीही लेख वाचून खाली ठेवल्यावर मी अस्वस्थ झाले, कारण तो वाचणाऱ्या महाराष्ट्रातील असंख्य घरांत पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारच चालत आला आहे, आणि त्याच घरांत गुडघेदुखी, मधुमेह आणि सुटलेली पोटेही आहेत. मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. जन्मात मांस, मासे किंवा अंडे खाल्लेले नाही. असे असूनही २०२१ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, माझी उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ७१ किलो होते, आणि रक्ततपासणीत मधुमेह निघाला. 'आपण तर शाकाहारी, आपल्याला कसे काय?' हा माझा त्या दिवशीचा पहिला प्रश्न होता. लेख वाचताना तोच प्रश्न पुन्हा समोर आला, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी परदेशी अभ्यासांविषयी. अमेरिका आणि कॅनडातील सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या ६०,९०३ अनुयायांच्या पाहणीत व्हीगन गटाचा सरासरी बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २३.६ होता, दूध आणि अंडी घेणाऱ्या शाकाहारींचा २५.७ आणि मांसाहारींचा २८.८ होता. ब्रिटनमधील एपिक-ऑक्सफर्ड पाहणीत ३७,८७५ माणसे होती. तिच्यात मांसाहारी पुरुषांचा बीएमआय २४.४१, तर व्हीगन पुरुषांचा २२.४९ निघाला. हा फरक १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला लावला तर सुमारे साडेपाच किलो भरतो. तो मुळीच किरकोळ नाही. परंतु याच ब्रिटिश पाहणीचा पुढचा भाग क्वचितच छापला जातो. त्याच माणसांतील सुमारे बावीस हजारांना पाच वर्षांनी पुन्हा मोजले, तेव्हा पुरुषांचे वजन वर्षाला सरासरी ३८९ ग्रॅमने आणि स्त्रियांचे ३९८ ग्रॅमने वाढलेले दिसले, आणि मांसाहारी, मासे खाणारे, शाकाहारी व व्हीगन या गटांत वाढीचा फरक थोडाच होता. ज्यांनी त्या काळात प्राणिजन्य पदार्थ कमी करत नेले, त्यांची वाढ सर्वांत कमी होती. शाकाहारी असूनही वय वाढेल तसे वजन वाढतच होते, हे आपल्या वाचकांना कळायला हवे होते.

हा फरक येतो कुठून? अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२१ साली वीस माणसांना रुग्णालयात ठेवून, पाळीपाळीने दोन दोन आठवडे दोन प्रकारचा आहार दिला आणि हवे तितके खाण्याची मोकळीक दिली. कमी चरबीचा वनस्पतिजन्य आहार असताना माणसे मांस, अंडी आणि भरपूर चरबी असलेल्या आहारापेक्षा दिवसाला सुमारे ६८९ कॅलरी कमी खात होती, आणि तरीही भूक राहिली अशी त्यांची तक्रार नव्हती. भाज्या, कडधान्ये आणि फळे यांत पाणी व तंतू भरपूर असतात. पोट भरते, पण तेवढ्याच वजनाच्या अन्नातून ऊर्जा कमी मिळते. याच संस्थेच्या २०१९ सालच्या प्रयोगात, पुन्हा वीस माणसांवर, कारखान्यात खूप प्रक्रिया होऊन आलेले अन्न आणि साधे घरगुती पद्धतीचे अन्न यांची तुलना केली होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. बिस्किटे, खारी, बटाट्याचे वेफर्स, इन्स्टंट नूडल्स आणि बाटलीतली सरबते बहुतांशी शाकाहारी असतात आणि त्यांपैकी बरीच व्हीगनही असतात.

न्यूझीलंडमधील गिझबर्न या गावातला एक प्रयोग व्हीगन आहाराच्या बाजूने नेहमी सांगितला जातो. कॅलरी न मोजता, व्यायामाची सक्ती न करता, तेथील लठ्ठ रुग्णांचे वजन वर्षभरात सरासरी ११.५ किलोने उतरले. हा निकाल मला मोलाचा वाटतो. पण त्या माणसांनी काय खाल्ले हे पाहिले पाहिजे. अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या आणि फळे हा त्यांचा आहार होता. शुद्ध केलेली तेले, सुकामेव्यासारखे जास्त चरबीचे पदार्थ आणि प्रक्रिया केलेले अन्न टाळायला त्यांना शिकवले होते, आणि बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी दिली जात होती. म्हणजे मांस आणि दूध तर गेलेच, पण त्यांच्याबरोबर तेलाची बाटली, मैदा आणि साखरही गेली. आपल्याकडे 'शाकाहार' म्हटले की यातले काहीच आपोआप जात नाही.

आपल्या देशातली परिस्थिती किती वेगळी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६ च्या फेरीतून दिसले. त्या फेरीतील १,५६,३१७ प्रौढांच्या माहितीचा आहारानुसार अभ्यास झाला, तेव्हा सर्वांत कमी बीएमआय मासे खाणाऱ्या पण मांस न खाणाऱ्या गटाचा (२०.३) आणि व्हीगन गटाचा (२०.५) होता, तर सर्वांत जास्त दूधदुभते घेणाऱ्या शाकाहारींचा (२१.२) होता. पाश्चात्त्य देशांतला क्रम येथे तसाच्या तसा उतरलेला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण सामाजिक आहे. इंग्लंडमध्ये शाकाहारी होणारा माणूस बहुधा आरोग्याचा किंवा प्राण्यांचा विचार करून, जाणीवपूर्वक आहार बदलतो. आपल्याकडे शाकाहार घराण्यातून, जातीतून, वारीतून आणि सणवारांतून येतो. त्यात वजनाचा विचार कधी नव्हताच. शिवाय दूध-तूप परवडणारी आणि बैठे काम करणारी कुटुंबे शाकाहारींमध्ये बरीच आहेत.

आपल्या ताटात आहे काय, याचे उत्तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीतून मिळते. भारतीयांना रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेले धान्य आणि साखर यांचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींचे एक दिवसाचे आदर्श ताट दिले आहे. त्यात धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम (अंडी, मांस घेणाऱ्यांनी त्याचा काही भाग तसा घ्यावा), भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, तेलबिया आणि सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम, असा हिशेब आहे. धान्ये आणि डाळी कोरड्या, शिजवण्यापूर्वी मोजायच्या आहेत.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता आणि विज्ञानाच्या शिक्षिकेची खोड जात नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणि एक वही ठेवली. आम्ही घरात तिघे: यजमान, सासूबाई आणि मी. अठ्ठावीस दिवसांत पाच लिटरचा तेलाचा डबा संपला. माणशी दिवसाला ५४ ग्रॅम तेल झाले, म्हणजे पोषण संस्था सांगते त्याच्या दुप्पट. आणि तूप व शेंगदाण्याचे कूट त्यात धरलेले नाही. एक ग्रॅम चरबीतून नऊ कॅलरी मिळतात, म्हणजे केवळ तेलातून ४८० हून अधिक कॅलरी. बैठे काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज साधारण १६६० कॅलरी धरतात. तिचा चौथ्याहून मोठा हिस्सा माझ्या कढईतून येत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता, कारण भाजीवर तर्री दिसत नव्हती. तेल फोडणीत होते, पोळीला लावलेले होते, चिवड्यात होते, दर चार दिवसांनी होणाऱ्या भज्यांत होते.

डाळीचा हिशेब याहून बोलका निघाला. तिघांच्या वरणाला मी ८० ग्रॅम तूरडाळ घेत होते. माणशी २७ ग्रॅम कोरडी डाळ, तीतून जेमतेम सहा ग्रॅम प्रथिने. वरण पातळ केले की वाटी भरते, पण वाटीत पाणीच जास्त असते. माझ्यासारख्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. पोळी, भात आणि दूध यांतून काही मिळतात, हे खरे; तरी उसळ आठवड्यातून दोनदाच होत असल्याने गरज पुरती भागत नव्हती, आणि प्रथिने कमी पडली की दोन तासांत पुन्हा काहीतरी तोंडात टाकावेसे वाटते, हा माझा अनुभव आहे. मग चहा आणि त्याबरोबर खारी. चार कप चहांतून मी दिवसाला आठ चमचे साखर घेत होते, असे वहीने दाखवले.

आणि उपवास. 'एकादशी अन्‌ दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदातला निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. त्यात प्रथिने आणि तंतू जवळजवळ नाहीत. मी एका माणसाच्या खिचडीचे साहित्य मोजले: साबुदाणा ७५ ग्रॅम, कूट ३० ग्रॅम, एक लहान बटाटा, तूप तीन चमचे. सहाशे कॅलरी झाल्या. एरवीच्या दिवशी माझे जेवण, म्हणजे एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मुगाची उसळ, चारशेच्या आसपास भरते. माझे महिन्याला दोन एकादश्या, एक संकष्टी आणि चार शनिवार असे सात उपवास होते. उपवासाच्या श्रद्धेला माझा यत्किंचितही विरोध नाही. सासूबाई आजही सगळे उपवास करतात. आता त्या दिवशी भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक असते, आणि तेही एकदाच.

ताटाच्या डाव्या बाजूविषयी मला विशेष लिहायचे आहे. जुन्या पद्धतीत मीठ आणि लिंबाच्या खाली चटणी, कोशिंबीर, लोणचे डाव्या हाताला, आणि भाजी, आमटी, उसळ उजव्या हाताला वाढत. घरोघरी डावी बाजू आक्रसत गेली आणि तिथे लोणच्याची फोड तेवढी उरली, उजव्या बाजूची उसळ पंगतीपुरती राहिली, आणि मधला भात व पोळ्या मात्र वाढत गेल्या. शाकाहार तोच राहिला, पण ताटातले प्रमाण पूर्ण बदलले. सोलापूर-मंगळवेढ्याकडची ज्वारी आमच्या साताऱ्यातही रोजची होती; माझ्या आईच्या घरी पोळी सणाला होत असे. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात दहा ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनही नसतात. शिवाय भाकरीला तेल लागत नाही आणि ती चावून खावी लागते, त्यामुळे दुसरी भाकरी घ्यावी की नाही हे ठरवायला पोटाला वेळ मिळतो.

मी शाकाहार सोडला नाही. तेलाचा पाच लिटरचा डबा आता दोन महिने पुरतो. तिघांच्या वरणाची डाळ दीडशे ग्रॅम झाली आणि मटकी, मूग, चवळी, हरभरा यांपैकी एक उसळ रोज असते. चहा दोनदा, साखर अर्धा चमचा. सकाळी चाळीस मिनिटे चालणे. दीड वर्षात वजन ६३.५ किलोवर आले, कमरेचा घेर ९६ सेंटिमीटरवरून ८७ वर आला आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.८ वरून ६.१ झाला. त्यात औषधाचा आणि चालण्याचाही वाटा आहे, सगळे श्रेय ताटाला देता येणार नाही. शिवाय ८७ हा आकडाही भारतीय स्त्रीसाठी सांगितलेल्या ८० च्या मर्यादेपेक्षा जास्तच आहे.

कमरेचा घेर मुद्दाम सांगितला, कारण आपल्या लोकांत केवळ वजनकाट्यावर विसंबणे धोक्याचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडसडीत, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्याकडची ठेवण आहे. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची सुरक्षित मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात. डाळीवाचूनचा, निव्वळ पोळी-भाताचा शाकाहार वजन फारसे न वाढवताही पोट वाढवू शकतो आणि स्नायू झिजवू शकतो. असा माणूस काट्यावर उभा राहून निश्चिंत होतो, हे मी माझ्याच नात्यात पाहिले आहे.

व्हीगन आहाराविषयी माझा अनुभव सुनेकडून आला. ती पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी प्राण्यांविषयीच्या करुणेपोटी तिने दूध, दही, तूप, पनीर सगळे सोडले. तिच्या निश्चयाचा मला आदर आहे. पहिल्या सहा महिन्यांत सहा किलो वजन उतरले, कारण दुधाच्या मिठाया आणि चीज घातलेले बाहेरचे पदार्थ बंद झाले. पुढे काजूच्या दाट रश्श्याच्या भाज्या, नारळाच्या दुधातली आइस्क्रीमे आणि ऑफिसातल्या बिस्किटांनी त्यातले चार किलो परत आणले. ती खचली नाही. घरून उसळीचा डबा नेऊ लागली आणि वजन पुन्हा हळूहळू उतरू लागले. मात्र मध्यंतरी तिला हातापायांना मुंग्या आणि सततचा थकवा जाणवू लागला, आणि तपासणीत बी-१२ फारच कमी निघाले. वनस्पतिजन्य अन्नात हे जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६७ टक्के जणांत ते कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. आणि यातले बहुसंख्य व्हीगन नव्हते, आपल्यासारखे साधे शाकाहारी किंवा क्वचित मांसाहार करणारे होते.

याचा वजनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात असे दिसले, की गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट (हेही एक ब-जीवनसत्त्वच) जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी होती. पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट तिथून सुरू होते. म्हणून मूल होऊ घातलेल्या शाकाहारी आणि विशेषतः व्हीगन मुलींनी डॉक्टरांना विचारून बी-१२ घेतलेच पाहिजे, हे वाक्य अशा प्रत्येक लेखात असावे असे मला कळकळीने वाटते.

आणखी एक गोष्ट लेखात सुटली होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त होते, तसेच १८.७ टक्के स्त्रियांचे प्रमाणापेक्षा कमीही होते. दुसऱ्या गटातली स्त्री आपले दैनिक वाचते, तिच्या ताटातही भाकरी आणि पातळ आमटीच असते, आणि तिने दूध किंवा अंडे कमी करावे असा सल्ला तिला हानिकारक ठरेल.

शाकाहार कोणी धर्मासाठी पाळतो, कोणी जीवदयेसाठी, कोणी पर्यावरणासाठी. त्या कारणांना वजनाच्या आधाराची गरज नाही. वजनासाठी म्हणून शाकाहार सुचवायचा असेल, तर मात्र कोणता शाकाहार, किती डाळीचा आणि किती तेलाचा, हे सांगितल्याशिवाय तो सल्ला पुरा होत नाही.

शेवटी आपल्याला एक विनंती. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर चार पाककृती होत्या. चारही शाकाहारी होत्या, आणि साहित्यात तिखट, मीठ, हिंग यांच्या रांगेत 'तेल आवश्यकतेनुसार' असे छापले होते. डाळींचे माप 'एक वाटी' होते आणि ती किती माणसांसाठी, हे दिलेले नव्हते. पुढील महिन्यात श्रावण लागतो आणि आपण उपवासाच्या पाककृतींची विशेष पाने काढता. त्या पानांवर तेल-तुपाचे प्रमाण चमच्यांत, डाळ-कडधान्याचे ग्रॅममध्ये आणि पाककृती किती जणांना पुरेल याची संख्या छापावी. माझ्या वहीत अशा साठ-सत्तर घरगुती पदार्थांची मापे आहेत; उपयोगी वाटल्यास ती वही मी आपल्या कार्यालयात पाठवून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा